अमेरिकेत विमा विकण्याचा परवाना : राज्याराज्यांचे बदलते नियम सांभाळायचे कसे

एलआयसीची एजन्सी घेतलेल्या माणसाला सोलापुरात बसून भोपाळच्या मेहुण्याची पॉलिसी उतरवता येते आणि त्यासाठी मध्य प्रदेश सरकारची परवानगी घ्यावी लागत नाही, कारण भारतात विम्याचा नियामक एकच आहे आणि त्याचा अधिकार साऱ्या देशावर चालतो. अमेरिकेत विमा विकू पाहणाऱ्या मराठी माणसाचे हे गृहीतक पहिल्याच पावलाला मोडते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या एजंटाने डॅलसमधल्या मावसभावाला फोनवरून टर्म इन्शुरन्स सुचवला, तर तो व्यवहार टेक्सासच्या कायद्याखाली येतो आणि एजंटाजवळ टेक्सासचा परवाना नसेल तर तो बेकायदा ठरतो. नातेसंबंध, मराठी मंडळातली ओळख किंवा दोघांचे आडनाव एकच असणे, यांपैकी कशाचीही कायदा दखल घेत नाही.

परवाना मिळवणे हे त्या मानाने सोपे काम आहे. तो अनेक राज्यांत एकाच वेळी जिवंत ठेवणे आणि दरवर्षी कुठे ना कुठे बदलणाऱ्या नियमांशी स्वतःचे काम जुळवून घेणे, हे अवघड आहे. व्यक्तींना आयुर्विमा, आरोग्यविमा आणि आज भरलेल्या पैशांतून पुढे ठरावीक काळाने उत्पन्न देणारी अ‍ॅन्युइटी विकणारा, एकट्याने किंवा दोन-तीन माणसांच्या एजन्सीत काम करणारा एजंट डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे.

नियम येतात कुठून

विमा हा आंतरराज्य व्यापार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्ये ठरवले आणि १९४४ मध्ये ते मत स्वतःच फिरवले. तेव्हा विम्याची सूत्रे केंद्राकडे जातील अशी चिन्हे दिसू लागताच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९४५ मध्ये मॅककॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्याचे नियमन राज्यांकडेच ठेवले. आजची सारी व्यवस्था त्या कायद्यावर उभी आहे.

राज्यांच्या विमा आयुक्तांची एनएआयसी ही संघटना १८७१ पासून काम करते आणि ती आदर्श कायद्यांचे मसुदे तयार करते. मात्र एनएआयसीचा मसुदा म्हणजे कायदा नव्हे, हे पहिल्यापासून पक्के लक्षात ठेवले पाहिजे. तो मसुदा प्रत्येक राज्याचे विधिमंडळ किंवा विमा विभाग आपापल्या सवडीने स्वीकारतो, त्यात चार शब्द घालतो, दोन काढतो आणि अंमलाची तारीख स्वतः ठरवतो. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने राज्यांवर दबाव आणल्यानंतर २००० मध्ये एनएआयसीने एजंटांच्या परवान्यासाठी आदर्श कायदा केला आणि बहुतेक राज्यांचे परवाना कायदे आज त्याच साच्यातले आहेत. त्यामुळे पुढे दिलेल्या मुदती बहुतेक ठिकाणी सारख्या आढळतील, तरीही आपल्या राज्याच्या कायद्यात त्या एकदा स्वतः पाहूनच वहीत उतरवाव्यात.

अर्जाआधी: काम करण्याची मुभा आणि गृहराज्य

या पायरीवर आपल्याकडच्या अनेकांची गफलत होते. विमा विक्रीचा परवाना राज्य देते, तर अमेरिकेत काम करण्याची मुभा केंद्र सरकारचे स्थलांतर खाते देते, आणि यातले एक हाती आले म्हणून दुसरे आपोआप मिळत नाही. एच-१बी व्हिसावरील व्यक्तीला ज्या मालकाने तिच्यासाठी याचिका दाखल केली त्याच्याकडेच काम करता येते. ‘शनिवार-रविवार करा, जोडउत्पन्न होईल’ असे सांगत विमा विक्रीच्या जाळ्यात माणसे जोडणारे लोक मराठी मेळाव्यांतही भेटतात. त्यांच्या सांगण्यावरून परीक्षा देऊन परवाना मिळवता येईलही, परंतु त्यावर मिळालेले कमिशन हे अनधिकृत कामाचे उत्पन्न ठरून पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी आडवे येऊ शकते. एच-४ व्हिसावरील जोडीदाराकडे ईएडी, म्हणजे काम करण्याचे परवानापत्र, असेल, तर गोष्ट वेगळी आहे. परवान्याच्या सामायिक अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न असतो आणि नागरिक नसलेल्या अर्जदाराला काम करण्याच्या पात्रतेचा पुरावा जोडावा लागतो. शंका असेल तर आधी स्थलांतर वकिलाकडे जावे आणि परीक्षेचे शुल्क त्यानंतर भरावे.

ज्या राज्यात आपले कायदेशीर वास्तव्य आहे किंवा जिथे व्यवसायाचे मुख्य ठिकाण आहे, ते आपले गृहराज्य. पहिला, म्हणजे निवासी परवाना तिथेच काढायचा. त्यानंतर विम्याचे प्रकार निवडायचे असतात: आयुर्विमा, अपघात व आरोग्य, मालमत्ता, दायित्व, वैयक्तिक विमा वगैरे. शेअर बाजाराशी बांधलेली व्हेरिएबल अ‍ॅन्युइटी विकायची असेल तर त्याखेरीज रोखे विक्रेत्यांवर देखरेख ठेवणाऱ्या फिनरा या संस्थेची परीक्षा आणि नोंदणी लागते.

परीक्षा, ठसे आणि पार्श्वभूमीचे प्रश्न

परीक्षेपूर्वीच्या सक्तीच्या अभ्यासाचे तास राज्यागणिक निराळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये आयुर्विमा व आरोग्यविम्यासाठी मिळून ४० तास आणि मालमत्ता व दायित्व ब्रोकरसाठी ९० तास लागतात, तर टेक्सासमध्ये अशी सक्तीच नाही. परीक्षा खासगी केंद्रांवर होते आणि अनेक राज्ये बोटांचे ठसे घेतात. अभ्यास नेटका केला तर यात विशेष अडचण येत नाही.

अर्जातला पार्श्वभूमीचा भाग मात्र सावकाश वाचावा. आजवर कोणत्या गुन्ह्यात दोषी ठरला आहात का, कोणत्या परवान्यावर कारवाई झाली आहे का, करथकबाकी किंवा मुलांच्या पोटगीची थकबाकी आहे का, असे प्रश्न त्यात असतात. जुने, मिटलेले प्रकरण सांगायची गरज नाही, असे स्वतःच ठरवून ‘नाही’ लिहिणारे अर्जदार बरेच असतात. प्रश्नात काय वगळायला परवानगी आहे ते शब्दशः वाचावे आणि शंका असल्यास न्यायालयाची कागदपत्रे जोडून प्रकरण उघड करावे. मूळ प्रकरण किरकोळ असले तरी खोटे उत्तर हे परवाना नाकारण्याचे किंवा काढून घेण्याचे स्वतंत्र कारण ठरते. अप्रामाणिकपणाच्या किंवा विश्वासघाताच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला १९९४ च्या केंद्रीय कायद्यानुसार विमा आयुक्ताच्या लेखी संमतीशिवाय या धंद्यात पाऊलच ठेवता येत नाही.

परवाना मिळाल्यावर प्रत्येक एजंटाला एनपीएन हा राष्ट्रीय क्रमांक मिळतो. तो सर्व राज्यांत एकच राहतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला तोच जोडला जातो.

दुसऱ्या राज्यांचे परवाने

‘अनिवासी’ या शब्दाचा आपल्याला परिचित असलेला अर्थ वेगळा आहे, पण विम्यात स्वतःच्या घरी राहून शेजारच्या राज्यात विक्री करणारा एजंटही अनिवासी असतो. गृहराज्याचा परवाना चांगल्या स्थितीत असेल तर एनआयपीआर या सामायिक नोंदणी यंत्रणेतून शुल्क भरून दुसऱ्या राज्याचा अनिवासी परवाना मिळतो आणि बहुतेक राज्ये पुन्हा परीक्षा घेत नाहीत. २०१५ मध्ये काँग्रेसने अशा बहुराज्यीय परवान्यासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन करण्याचा कायदा केला खरा, पण ती कामाला लागली नाही आणि एजंटाला अजून एकेका राज्याचे दार वेगळे ठोठवावे लागते.

परवाना कधी लागतो, याची कसोटी तीन क्रियांवर आहे: विकणे, विक्रीसाठी गळ घालणे आणि अटी ठरवण्यासाठी बोलणी करणे. सही झाली नाही म्हणून विक्री झाली नाही, हा बचाव टिकत नाही, कारण गळ घालण्यासाठीसुद्धा परवाना आवश्यक आहे. कार्यालयातला मदतनीस किंवा घरची व्यक्ती ग्राहकाशी भेटीची वेळ ठरवू शकते, कागद पाठवू शकते, परंतु ‘तुमच्यासाठी ही पॉलिसी बरी’ असे एक वाक्य तिने उच्चारले की ती परवान्याच्या हद्दीत शिरते. परवाना नसलेल्या मित्राला विक्रीच्या कमिशनातला वाटा देणेही याच कारणाने धोक्याचे आहे.

याखेरीज अपॉइंटमेंट हा एक वेगळा सोपस्कार आहे. एजंट आपला आहे, अशी नोंद विमा कंपनी राज्याकडे करते तिला अपॉइंटमेंट म्हणतात, आणि आदर्श कायद्यानुसार करार झाल्यापासून किंवा पहिला अर्ज सादर झाल्यापासून १५ दिवसांत ती व्हावी लागते. इलिनॉय, ओरेगन, कोलोराडो अशा काही राज्यांत ही पद्धत नाही. काम कंपनीचे असले, तरी नोंद झाली की नाही हे एजंटाने स्वतः पाहावे.

बदल वाचायचा कसा: अ‍ॅन्युइटीचे उदाहरण

नियम बदलला, ही बातमी अपुरी असते. तो कोणत्या राज्यात बदलला, तिथे अंमल कोणत्या तारखेपासून आहे, आधीपासून परवाना असलेल्यांना किती सवड दिली आहे आणि आपल्याला प्रत्यक्ष काय करायचे आहे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच ती उपयोगाची. गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल घेऊन हे पाहू.

अ‍ॅन्युइटी विकताना ती ग्राहकाला ‘योग्य’ असली की पुरे, असा पूर्वीचा नियम होता. फेब्रुवारी २०२० मध्ये एनएआयसीने आदर्श नियमावली सुधारून ग्राहकाचे सर्वोत्तम हित ही कसोटी आणली आणि एजंटावर चार कर्तव्ये घातली: काळजी घेणे, स्वतःची भूमिका व मोबदल्याचे स्वरूप उघड करणे, हितसंबंधांचा संघर्ष टाळणे किंवा हाताळणे, आणि शिफारशीचा आधार लिहून ठेवणे. राज्यांनी ती झपाट्याने स्वीकारली, त्यामागे ग्राहकहितासोबत एक व्यावहारिक कारणही होते. डॉड-फ्रँक या वित्तीय सुधारणा कायद्यातल्या एका कलमानुसार शेअर निर्देशांकाशी जोडलेल्या इंडेक्स्ड अ‍ॅन्युइटी केंद्राच्या रोखे नियमनापासून दूर राखायच्या असतील, तर राज्यांचे नियम एनएआयसीच्या पातळीचे असणे गरजेचे होते आणि त्यासाठी पाच वर्षांची मुदत होती.

एजंटाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, अ‍ॅन्युइटी विकण्यापूर्वी एकदा चार तासांचे प्रशिक्षण घ्यायचे आणि जुन्या नियमाखाली ते घेतलेले असेल तर नव्या भागापुरता एक तासाचा पूरक वर्ग करायचा. सवडीची मुदत साधारणपणे त्या राज्यातल्या अंमलाच्या तारखेपासून सहा महिन्यांची असते आणि ती उलटल्यावर कंपनी अर्ज स्वीकारत नाही. कॅलिफोर्नियात सर्वोत्तम हिताचा नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, मात्र तिथले प्रशिक्षण सुरुवातीला आठ तास आणि नंतर दर दोन वर्षांनी चार तास असे जड आहे. न्यूयॉर्कने तर एनएआयसीची वाट न पाहता स्वतःचा नियम केला, जो ऑगस्ट २०१९ मध्ये अ‍ॅन्युइटीला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये आयुर्विम्यालाही लागू झाला. इतर राज्यांची नियमावली अ‍ॅन्युइटीपुरतीच आहे. ‘टर्म प्लॅनच तर विकतो, मला काय त्याचे’ असे म्हणणारा न्यू जर्सीचा एजंट हडसन नदीपलीकडच्या ग्राहकाच्या बाबतीत नेमका इथे चुकतो.

न्यूयॉर्कच्या नियमाची आणखी एक हकिगत लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०२१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो पुन्हा ग्राह्य धरला. मधल्या काळात ज्यांनी नोंदी ठेवण्याची पद्धत गुंडाळून टाकली, त्यांना ती नव्याने बसवावी लागली. वाद न्यायालयात असेपर्यंत आपली कागदपत्रांची शिस्त मोडू नये.

नोंद कशी असावी, हेही सांगतो. ग्राहकाचे वय, उत्पन्न, रोकड किती दिवसांत लागेल, आधीच्या पॉलिसी आणि जोखमीची तयारी एवढे टिपून, कोणते दोन पर्याय पाहिले आणि त्यातला एक का सुचवला, हे आपल्या शब्दांत लिहावे. मी ही टिपणे तपासतो तेव्हा ‘ग्राहकाच्या गरजेनुसार’ एवढेच लिहिलेले असेल तर परत पाठवतो, कारण ते वाक्य कोणत्याही ग्राहकाला चिकटवता येते.

ग्राहकाच्या माहितीचे रक्षण

सायबर सुरक्षेचा न्यूयॉर्कचा नियम मार्च २०१७ पासून अमलात आहे आणि तो बँका व विमा कंपन्यांबरोबर एकट्या एजंटालाही लागू होतो, मग त्याचा न्यूयॉर्कचा परवाना अनिवासी का असेना. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो कडक झाला. कर्मचारी २० पेक्षा कमी, किंवा गेल्या तिन्ही वर्षांत वार्षिक उलाढाल ७५ लाख डॉलरच्या खाली, किंवा मालमत्ता दीड कोटी डॉलरच्या खाली असेल तर मर्यादित सूट मिळते. मात्र ती सूट आपोआप मिळत नाही: पात्रता लक्षात आल्यापासून ३० दिवसांत तशी सूचना दाखल करावी लागते. मर्यादित सूट मिळालेल्यालाही दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत नियम पाळल्याचे प्रमाणपत्र, किंवा काय पाळता आले नाही याची कबुली द्यावीच लागते. माहितीची चोरी झाल्याचे ठरल्यास ७२ तासांत विभागाला कळवायचे, हल्लेखोरांना खंडणी भरल्यास २४ तासांत. १ नोव्हेंबर २०२५ पासून दुहेरी पडताळणीची सक्ती वाढली असून लहान एजन्सीलाही बाहेरून आपल्या संगणक यंत्रणेत शिरताना ती लागते. एखाद्या मोठ्या एजन्सीच्या सुरक्षा व्यवस्थेखाली पूर्णपणे काम करणाऱ्या एजंटासाठी वेगळी सूट आहे, पण तिचीही सूचना स्वतःच द्यायची असते.

इतर राज्यांसाठी एनएआयसीने ऑक्टोबर २०१७ मध्ये आदर्श कायदा केला आणि २०१८ मध्ये साउथ कॅरोलायनाने तो सर्वांत आधी स्वीकारला. त्यातल्या सुरक्षा कार्यक्रमाच्या अटीतून दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या परवानाधारकांना सूट आहे. एनएआयसीचे डिसेंबर २०२३ चे कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे परिपत्रक मुख्यतः कंपन्यांसाठी आहे, परंतु आपण ग्राहकाची माहिती कोणत्या साधनांत भरतो, असा प्रश्न कंपनीकडून आला तर उत्तर तयार असावे.

एकच नोंदवही

जेवढे परवाने तेवढ्या ओळी असलेला एक तक्ता करावा. राज्य, परवान्याचे प्रकार, नूतनीकरणाची तारीख, परवाना टिकवण्यासाठी लागणाऱ्या सतत शिक्षणाचे तास, विशेष प्रशिक्षणे, अपॉइंटमेंट असलेल्या कंपन्या आणि त्या राज्याचे खास बंधन असे रकाने त्यात असावेत. बहुतेक राज्यांत दोन वर्षांत २४ तासांचे शिक्षण आणि त्यात नीतिविषयक तीन तास असा प्रघात आहे, तर न्यूयॉर्कमध्ये १५ तास लागतात. गृहराज्याचे शिक्षण पूर्ण असेल तर अनिवासी राज्ये सहसा वेगळे मागत नाहीत, पण अ‍ॅन्युइटीसारखी उत्पादनाशी बांधलेली प्रशिक्षणे या सवलतीत धरू नयेत. दीर्घकालीन देखभाल विम्यालाही सुरुवातीचे आठ तास आणि नंतर दर २४ महिन्यांनी चार तास अशी अट अनेक राज्यांत आहे.

प्रत्येक राज्याच्या विमा विभागाच्या ईमेल सूचना एकाच स्वतंत्र पत्त्यावर मागवाव्यात आणि महिन्यातून एक ठरलेला दिवस त्या वाचण्यासाठी राखावा. कंपनीचे परिपत्रक आले की विषय संपला, असे मानू नये, कारण कंपनी तिच्या उत्पादनापुरते कळवते आणि परवान्याची जबाबदारी एजंटाची असते. ज्या राज्यात तीन वर्षांत एकही ग्राहक झाला नाही, तिथला परवाना मी रीतसर सोडून द्यायला सांगतो. हौसेने काढलेले १४ परवाने म्हणजे सांभाळायच्या १४ तारखा.

घर बदलताना

माहिती तंत्रज्ञानातल्या जोडीदाराची नोकरी बदलली आणि कुटुंब न्यू जर्सीहून टेक्सासला गेले, असे आपल्याकडे नेहमी घडते. तेव्हा दोन घड्याळे एकदम सुरू होतात. नव्या राज्यात वास्तव्य झाल्यापासून ९० दिवसांत निवासी परवान्याचा अर्ज केला तर परीक्षा आणि पूर्वशिक्षण माफ होते. अनिवासी परवाना असलेल्या राज्यांना मात्र ३० दिवसांतच नवा पत्ता आणि नव्या गृहराज्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. लोक ९० दिवस ध्यानात ठेवतात आणि ३० विसरतात. जुना निवासी परवाना नवा हाती येण्याआधी रद्द करू नये, कारण अनिवासी परवाने गृहराज्याच्या परवान्यावर टेकलेले असतात आणि तो निसटला की त्यांचाही आधार जातो.

एका राज्यातला दंड सर्वत्र कळवणे

समजा, पत्ता उशिरा कळवल्याबद्दल एका राज्याने लहानसा दंड केला. तो भरला म्हणजे प्रकरण मिटले, असे वाटते. प्रत्यक्षात ती प्रशासकीय कारवाई असेल तर अंतिम निर्णयापासून ३० दिवसांत ती परवाना असलेल्या इतर प्रत्येक राज्याला कळवावी लागते. न कळवल्यास दुसरे राज्य त्याबद्दल दंड करते, मग तोही कळवायचा असतो, आणि एका क्षुल्लक चुकीची माळ तयार होते. एनआयपीआरवर आदेशाची प्रत एकदाच चढवून अनेक राज्यांना कळवण्याची सोय आहे, ती वापरावी. फौजदारी खटला दाखल झाला असेल तर निकालाची वाट न पाहता पहिल्या पूर्वसुनावणीपासून ३० दिवस मोजायचे असतात.

पहिला हप्ता मी भरतो

भारतात १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार कमिशनातून सूट देण्यास मनाई आहे आणि तरीही ‘पहिला हप्ता माझ्याकडून’ हे वाक्य किती जणांनी ऐकले आहे, ते वाचकांना सांगायला नको. ती सवय इथे आणू नये. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत अशी सूट बेकायदा आहे. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या जनमतातून ही बंदी बऱ्याच अंशी उठवली, पण तो अपवाद आहे. डिसेंबर २०२० मध्ये एनएआयसीने आदर्श कायदा सुधारून पॉलिसीशी संबंधित, जोखीम कमी करणाऱ्या वस्तू व सेवा देण्यास वाट करून दिली, जसे पाणीगळती ओळखणारे उपकरण. हप्त्याची रोख परतफेड त्यात बसत नाही. दिवाळीच्या भेटीची कमाल किंमतही राज्याच्या नियमात पाहूनच ठरवावी.

परवाना चुकून संपला तर

आधी त्या राज्यातली विक्री आणि नवी बोलणी त्याच क्षणी थांबवावीत. परवाना जिवंत असताना केलेल्या विक्रीचे नूतनीकरण कमिशन सहसा मिळत राहते, त्यामुळे जुन्या ग्राहकांच्या भीतीने घाईत काही करू नये. आदर्श कायद्यात नूतनीकरणाच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत पुन्हा परीक्षा न देता परवाना पूर्ववत करण्याची सोय आहे, त्यासाठी थकलेल्या शुल्काच्या दुप्पट दंड लागतो. मधल्या काळात एखादा अर्ज सादर झाला असेल, तर तो दडवून न ठेवता कंपनीच्या नियमपालन विभागाला लेखी कळवावे आणि परवाना पुन्हा चालू झाल्याची छापील नोंद, तारखेसह, त्या ग्राहकाच्या फाइलीत लावावी.